ऑर्लेनाचं पाचवं कडवं

केटल फोर्कच्या खोऱ्यात ते गाणं कुणी मोठ्याने म्हणत नसे. डेल्फिया कुठून ऐकत असेल याचा नेम नव्हता. एकदा टपालवाला दुकानाच्या पायरीवर बसून नुसती शीळ घालत होता. चाल तेवढी होती, शब्दसुद्धा नव्हते. डेल्फियाने हातातली रॉकेलची बाटली त्याच्या टाळक्यात घातली, आणि बाटली फुटली म्हणून शिव्याही त्यालाच दिल्या.

गाण्याचं नाव 'ऑर्लेना'. अख्ख्या अमेरिकेला ते तोंडपाठ आहे. ट्रक चालवणारे ते म्हणतात, लग्नात ते वाजतं, एका साबणाच्या जाहिरातीलाही त्याचीच चाल होती. पण ऑर्लेना नोबल ही खरी मुलगी होती, एकोणीस वर्षांची, आणि तिला खरोखरच मारलं होतं, केंटकीच्या आमच्या या डोंगरात, १९२७ सालच्या एप्रिलमध्ये, डॉगवुडची झाडं पांढरी फुलतात त्या दिवसांत. गाण्यातला जो एस्टिल स्टिडम तिला मारतो, तो डेल्फियाचा बाप.

डोंगरात खून झाला की त्याचं गाणं करायची ही आमच्याकडची जुनी रीत. नावं बदलायची नाहीत, जागा बदलायची नाही, झालं तसं म्हणायचं. ऑर्लेनाचं प्रेत झऱ्यात सापडलं तेव्हा शेरीफ होता एस्टिलचा आतेभाऊ. चौकशी झाली आणि विरून गेली. मग बॅंजो वाजवणाऱ्या लम कॉडिलने गाणं केलं. पुढच्या वर्षी तबकड्या काढणारी माणसं खालच्या शहरात यंत्र मांडून बसली होती. लम खेचरावर बसून तिथे गेला आणि गाऊन आला. सुरुवात अशी:

डॉगवुड फुलला पांढरा गं, केटल फोर्कच्या काठी,
ऑर्लेना निघाली डोंगर चढून एस्टिलच्या भेटीसाठी.

दुसऱ्या कडव्यात ती त्याच्या अंगणात पोचते. तिसऱ्यातल्या या ओळी सगळ्यांना ठाऊक आहेत:

एस्टिल, तीन खिळ्यांची सुरी आज कशाला हाती?
तुझंच लेकरू पोटात माझ्या, नको रे करू माती.

आणि चौथ्यातल्या या:

ऑर्लेना निजली झऱ्याच्या तळी, ओटीत भरून धोंडे,
साऱ्या खोऱ्याला ठाऊक होतं, मिटली सारी तोंडे.

"कडवी पाच होती," लम परत आल्यावर सांगायचा. "पण तीन मिनिटं झाली की तिथे लाल दिवा लागतो. तबकडीत तेवढंच मावतं. शेवटचं राहिलं."

"मग आता म्हण की," लोक म्हणत.

"विसरलो," लम म्हणे, आणि दुसरं गाणं धरी.

सप्टेंबरात तबकडी दुकानात आली. ऑर्लेनाच्या दोघा भावांनी ती फोनोग्राफवर नऊ वेळा ऐकली. दुकानदार दहाव्यांदा सुई ठेवायला गेला तेव्हा थोरला म्हणाला, "बास. कळलं." दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीच्या गिरणीत एस्टिल ओंडका लावत होता, तेव्हा त्यांनी त्याच्या पोटात दोन आणि तोंडात एक गोळी घातली. करवत चालूच राहिली, त्यामुळे हात कुठे गेला ते नंतर शोधावं लागलं. घरी आणला तेव्हा चेहरा असा उरलाच नव्हता. पाच वर्षांच्या डेल्फियाने बापाला बुटांवरून ओळखलं.

बापाची तिच्याजवळ एकच आठवण होती. ती अंगणात उभी आहे, हातात सुक्या भोपळ्याचा डोणा, डोण्यात पाणी. बाप वाकून दोन्ही हात पुढे करतो. हात कोपरापर्यंत लाल. ती पाणी ओतते. अंगण पांढरंशुभ्र आहे, आणि बाप म्हणतो, "डुक्कर कापलं गं. शहाणी माझी राणी." बस, एवढंच. एवढ्याशा आठवणीवर बाईने सगळा जन्म काढला. चुलीपाशी, खाणीत नवरा दगडाखाली गेला त्या दिवशी, बाळंतपणात, ती मनातल्या मनात बापाच्या हातावर पाणी ओतायची आणि तिला बरं वाटायचं.

शाळेत पोरं तिच्या मागे चौथं कडवं म्हणत येत. ती रडत घरी आली की आई, ओव्हा तिचं नाव, भाकरीच्या पिठाचे हात तिच्या तोंडावरून फिरवी. "पाचवं कडवं आहे ना," आई म्हणे. "त्यात सगळं खरं आहे. ते कापलं गेलं म्हणून तुझा बाप मेला." आई मेली तीही हेच सांगत. डेल्फियाच्या डोक्यात ते खिळ्यासारखं बसलं. ते कडवं एकदा जगासमोर म्हटलं गेलं पाहिजे आणि बापाचं नाव धुतलं गेलं पाहिजे, यापलीकडे तिला दुसरं काही नको होतं.

१९५१ मध्ये गाणं पहिल्यांदा फिरून आलं. टेक्सासच्या कुणा झगमगीत कोटवाल्याने ते गायलं, मागे स्टील गिटारचं रडगाणं, आणि डोंगराऐवजी दारूचा गुत्ता. ऑर्लेनाला त्याने गोरीपान करून सोडलं, डॉगवुडचा केला गुलाब. एस्टिलचं नाव मात्र तसंच ठेवलं. ते म्हणे चालीत छान बसत होतं. कोळशाच्या वस्तीतल्या बारमध्ये गाण्याच्या पेटीवर ते दिवसरात्र लागायला लागलं. डेल्फिया कुदळीचा दांडा घेऊन गेली आणि पेटीची काच, तबकड्या, दिवे, सगळ्याचा चुराडा केला. कोपऱ्यात क्लाइड नावाचा एक खाणकामगार बसला होता. तो हसून उरलेलं कडवं तोंडाने म्हणायला लागला.

"गप बस, क्लाइड."

"का गं? बापाचं गाणं आहे, अभिमान बाळग जरा. आम्हाला कुठे असा गाजलेला बाप मिळाला!"

तिने टेबलावरची बाटली फोडली आणि त्याच्या कानापासून जबड्यापर्यंत ओढली. क्लाइडने कान हातात धरून वाकून पाहिला, जणू दुसऱ्याच कुणाचा आहे. त्यानंतर तो बारमध्ये आला की डाव्या टोकाला बसायचा, डाव्या कानाने त्याला ऐकू येत नसे.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पहिलं कडक हिव पडलं, रात्रीचं दव गोठून गवत पांढरं झालं. आमच्याकडे हिव पडल्याशिवाय कुणी डुकराला हात लावत नाही. गरम दिवसांत कापलं तर मिठात घालायच्या आत मांस नासतं. शेजारी शेजाऱ्याकडे मदतीला जातात. लम कॉडिल, तेव्हा पन्नाशीचा, दरवर्षीप्रमाणे डेल्फियाकडे आला. कढईत पाणी उकळत होतं, एक डुक्कर टांगलं होतं, दुसऱ्याच्या कपाळात कुऱ्हाडीची बोथट बाजू घालायची होती. कुऱ्हाड डेल्फियाच्या हातात होती.

"लम काका, पाचवं कडवं म्हणा."

"विसरलो, पोरी. तेवीस वर्षं झाली."

"राजा-राणीची तीस-तीस कडवी म्हणता तुम्ही, झोपेतसुद्धा चुकत नाही. आणि चार ओळी विसरलात?"

"वय झालं."

"वयाला काय झालंय? माझा बाप खुनी नव्हता. मला आठवतो ना तो! असाच डुक्कर कापून आला होता, आणि मी त्याच्या हातावर पाणी घातलं होतं. शहाणी माझी राणी, म्हणाला. असा माणूस बाईवर सुरी उगारील?"

लमने हातातला दोर खाली ठेवला.

"थंडी वाजली असेल तुला," तो म्हणाला.

"कशाची थंडी! अनवाणी होते मी. अंगण सगळं हिवानं पांढरं, तरी मला काही वाटलं नाही."

लमने डोळे मिटले. "विसरलो मी, डेल्फिया. देवाशपथ विसरलो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने त्याचा डावा हात धरून डुक्कर सोलायच्या फळीवर दाबला आणि कुऱ्हाडीचा बोथट भाग करंगळीवर आपटला. "म्हणा." लम ओरडला, पण शब्द आला नाही. "म्हणा!" दुसरं बोट. हाड मोडल्याचा आवाज टांगलेल्या डुकरापाशी उभ्या माणसांनी ऐकला आणि ती धावली. ती पोचेपर्यंत तिसरं आणि चौथं झालं होतं. लम हिवात गुडघ्यावर बसला होता, ओकत होता. एकेका बोटाला तिने त्याला एकदा विचारलं, आणि चारही वेळा त्याने नकाराची मान हलवली.

शेरीफला लमने सांगितलं की कुऱ्हाड निसटली. त्या हाताने त्याने पुन्हा बॅंजो धरला नाही. डेल्फियाला त्याची कीव आली नाही. चोराला बोटं गेली तरी चोरीचा माल सोडवत नाही, असं ती सगळ्यांना सांगत फिरली.

पोरगा आर्व्हिल तेव्हा चार वर्षांचा होता. तो त्या कडव्यावरच वाढला म्हणा ना. दुसऱ्यांच्या आया पोरांना परीच्या गोष्टी सांगतात, डेल्फियाने आर्व्हिलला सांगितलं की नोबलांनी तुझ्या आजोबाला कुत्र्यासारखं मारलं आणि जगाने टाळ्या वाजवल्या. तो अठरा वर्षांचा झाला तेव्हा तिने पेटीच्या तळातून बापाची सुरी काढली. हिकरीची मूठ, मुठीत पितळेचे तीन खिळे. "ही तुझ्या आजोबाची," ती म्हणाली. "डुकराशिवाय कशालाही लागलेली नाही ही. मानानं वापर."

१९६७ ला दाढीवाली कॉलेजची पोरं गाणं शोधत डोंगरात आली. त्यांनी ते हळू केलं. इतकं हळू की मरणाऱ्या ऑर्लेनाला मधल्या वेळात घरी जाऊन जेवून येता आलं असतं. त्यांच्या तबकडीच्या पाकिटावर छापलं होतं की या गाण्याचं पाचवं कडवं हरवलं आहे. ते वाचून शहाणीसुरती माणसं हळहळली. त्या ऑगस्टमध्ये अग्निशामक दलाच्या शेडमध्ये नाच होता. बॅंडने तेच हळू गाणं धरलं, आणि माईक घेतला केर्मिट नोबलने. ऑर्लेनाच्या थोरल्या भावाचा नातू तो, एकोणीस वर्षांचा, गळा गोड. तिसऱ्या कडव्याला तो मंचावरून खाली उतरला आणि आर्व्हिलसमोर उभा राहून म्हणायला लागला: एस्टिल, तीन खिळ्यांची सुरी आज कशाला हाती?

"दाखव ना रे, आर्व्हिल," केर्मिट माईकमध्येच म्हणाला. "आणलीयेस म्हणे."

आर्व्हिलने दाखवली. पहिला वार बरगड्यांखाली गेला, दुसरा मानेत. माईक हातात असल्यामुळे केर्मिटच्या घशातला आवाज सगळ्या शेडभर घुमला. ढोलवाल्याचं लक्ष नव्हतं, तो आणखी थोडा वेळ वाजवत राहिला. केर्मिटची आई व्हर्ना लिंबूपाण्याच्या टेबलापाशी होती. ती आली तोपर्यंत पोरगा संपला होता. तिने त्याच्या मानेवर तळहात दाबून धरला आणि तो काढायला लावायला तीन माणसं लागली.

कोर्टात व्हर्ना समोर बसली होती. डेल्फियाला बोलायला उभं केलं तेव्हा ती न्यायाधीशाकडे न बघता व्हर्नाकडे बघून म्हणाली, "माझ्या पोरानं केलं ते बरोबर केलं. खोटं गाणाऱ्याचा गळा आणखी काय कामाचा?" आर्व्हिलला वीस वर्षं झाली. सहाव्या वर्षी जेलच्या जेवणघरात कुणीतरी धार लावलेला चमचा त्याच्या डोळ्यातून आत घातला. प्रेत आलं ते बंद पेटीत. डेल्फियाने पेटी उघडायला लावली आणि सगळं बघितलं.

१९७८ मध्ये नॅशव्हिलच्या कुणा भरगच्च केसांच्या बाईने गाणं पुन्हा काढलं. रेडिओला खून चालत नव्हता म्हणून तिच्या गाण्यात ऑर्लेना मरतच नाही, ती बस पकडून शहरात जाते आणि मागून पोरींचा ताफा 'ऊ ऊ' करतो. डेल्फियाने रेडिओ अंगणात नेला, कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि बंदुकीने उडवला. लम त्याच साली मेला. त्याच्या दफनाला ती गेली नाही.

आणि मग १९९४ च्या वसंतात, डेल्फिया एकाहत्तर वर्षांची असताना, तिच्या दारात एक चकचकीत बूट घातलेला माणूस आला. त्याचं नाव ब्रेंट. एका मोठ्या तरुण गायिकेसाठी तो काम करत होता. नाव सांगितलं, तर डेल्फियाने ते ऐकलेलं नव्हतं.

"तिला 'ऑर्लेना' गायचंय, मावशी. पण पूर्ण. पाचही कडव्यांचं. तुम्ही ते कडवं मिळवून द्या, आम्ही शब्द न बदलता गाऊ. सगळं जग ऐकेल."

डेल्फिया पायरीवर बसली. पासष्ट वर्षं ती ज्यासाठी भांडली ते आपल्या पायाने चालत अंगणात आलं होतं, आणि चहा घेणार का विचारायचंही तिला सुचेना.

"डेकोरेशनच्या रविवारी ये," ती शेवटी म्हणाली. "कबरी सजवायला सगळं खोरं टेकडीवर जमतं तेव्हा. माझ्या बापाच्या समोर म्हणते मी ते."

आमच्याकडे गाण्याचे कागद बायबलमध्ये ठेवतात. लमचं बायबल त्याची मुलगी झेला हिच्याकडे होतं. डेकोरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी, सगळ्या बाया कबरींवरचं गवत काढायला टेकडीवर जायला निघाल्या तेव्हा, डेल्फिया झेलाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. मांडीवर बंदूक होती.

"डेल्फिया, अगं काय हे या वयात!"

"कागद दे."

"नाहीये."

"झेला, तुझ्या बापानं चार बोटं दिली पण कडवं दिलं नाही. तू किती देशील?"

झेलाने बंदुकीकडे पाहिलं. मग ती आतल्या खोलीत गेली आणि बायबल घेऊन आली. "त्यांनी मला मरताना सांगितलं होतं, ती असेपर्यंत देऊ नकोस," ती म्हणाली. "लाल दिवा वगैरे काही नव्हतं गं. तीन मिनिटांत पाच कडवी बसत होती. तुझी आई आली होती त्यांच्याकडे, ते शहरात जायच्या आदल्या दिवशी. तुला काखेत घेऊन, डोंगर ओलांडून. त्यांच्या पाया पडली. एस्टिलचं नाव घ्या म्हणाली, त्यानं केलंय ते. पण शेवटचं कडवं गाऊ नका, पोरीला कळेल."

"खोटं बोलतेस तू."

"वाच मग."

कागद पिवळा पडला होता, घड्यांवर फाटला होता. पेन्सिलीची अक्षरं लमची. डेल्फियाने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचला:

चार वर्षांची पोर अनवाणी, डोण्यातून घाली पाणी,
बाप म्हणे, "डुक्कर कापलं गं, शहाणी माझी राणी."
डॉगवुड फुलल्या दिवसांत कोणी डुक्कर कापील काय?
पोरीला कळू देऊ नको, देवा, धुतलं तिनं ते काय.

"बाबा त्या सकाळी एस्टिलचं खेचर परत द्यायला गेले होते," झेला म्हणत होती. "कुंपणापाशी होते. त्यांनी पाहिलं तुला."

डेल्फियाला ऐकू येत नव्हतं. ती अंगणात उभी होती आणि अंगण पांढरं होतं. हिवात चार वर्षांच्या पोरीला कोण अनवाणी सोडील? हिव पायाला चावतं. हे चावत नव्हतं. ते मऊ होतं, ओलं होतं, बोटांना चिकटत होतं. वरून, डॉगवुडच्या फांद्यांवरून, आणखी पडत होतं. तिने जन्मभर डुकरं कापली होती आणि कधी कुठल्या महिन्यात कापतात हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. फक्त बापाच्या बाबतीत तिने ते स्वतःला कधी विचारलं नव्हतं. तिला आता डोण्याच्या पलीकडेही दिसत होतं. लाकडांच्या ढिगापाशी एक पाय होता, बाईचा, बटणांचा बूट घातलेला, आणि तो अजून हलत होता.

तिने टेबलाची कड धरली आणि तिथेच झेलाच्या फरशीवर ओकली. झेलाने तिचं कपाळ धरलं. मग तिने विचारलं, "जाळू का कागद? तू नि मी, दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही."

"लमची बोटं," डेल्फिया म्हणाली. एवढंच ती म्हणाली. कागद तिने घडी करून छातीशी ठेवला, आणि बंदूक झेलाच्या दाराशी विसरून घरी गेली.

रविवारी टेकडीवर कागदी फुलं, कोंबडी, घेवडा, सगळं होतं. झाडाखाली फळ्या टाकून पानं मांडली होती. कबरस्तानाच्या मधून तारेचं कुंपण जातं. अलीकडे स्टिडम, पलीकडे नोबल, आणि एस्टिल मेल्यापासून ती तार कुणी ओलांडली नव्हती. पलीकडे ऑर्लेनाच्या दगडाशेजारी केर्मिटचा दगड होता आणि त्याच्यापाशी खुर्ची टाकून व्हर्ना बसली होती. तिला सत्तरी उलटली होती, काठी लागत होती. अलीकडे एस्टिल, ओव्हा, आर्व्हिल. ब्रेंटने गवतात यंत्र मांडलं, हेडफोन लावला आणि डेल्फियाला अंगठा दाखवला.

ती उभी राहिली. कागद छातीशी होता आणि अजून वेळ होता. चार कडवी म्हणून, पाचवं हरवलंच म्हणता आलं असतं. नाहीतर बापाला वाचवणारं दुसरंच काही रचलं असतं तरी ब्रेंटला काय कळणार होतं? आर्व्हिल कशासाठी मेला याला मग काहीतरी अर्थ राहिला असता. तिने आर्व्हिलच्या दगडाकडे बघितलं. मग ती वळली, बापाकडे पाठ केली, तारेकडे तोंड करून उभी राहिली आणि पहिल्यांदा आयुष्यात ते गाणं म्हणायला लागली.

आवाज म्हाताऱ्या बाईचा, चिरका, पण चाल चुकली नाही. एस्टिलचं नाव आलं तेव्हा माणसं जेवायची थांबली. पाचवं कडवं तिने कागदाशिवाय म्हटलं. 'पोर अनवाणी'ला तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, म्हणजे कुणाला शंका राहू नये. डेकोरेशनला टाळ्या वाजवत नाहीत. नुसती पोरं रडत होती, तीही भुकेने.

व्हर्ना उठली. काठी टेकत तारेपर्यंत आली. सत्तावीस वर्षांत त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

"म्हणजे तुझ्या पोराच्या हातातली सुरी तीच होती," व्हर्ना म्हणाली.

"तीच."

"डुकराशिवाय कशाला लागली नाही म्हणून सांगत होतीस गावभर."

"सांगत होते."

"आणि मला कोर्टात काय म्हणालीस?"

"व्हर्ना, मला माफ कर," ती म्हणाली.

"माफीबिफी मला नको. गाणं संपलं नाही अजून." व्हर्नाने तार मुठीत धरली होती, काट्यांसकट. "एक कडवं राहिलंय. माझ्या केर्मिटचं."

"मला गाणी करता येत नाहीत."

"तुला डोकी फोडता येतात, बोटं मोडता येतात, पोराला सुरीसारखी धार लावता येते. चार ओळी येत नाहीत? कर. रीत ठाऊक आहे ना? नावं बदलायची नाहीत."

"मावशी, एक मिनिट," ब्रेंट गवतातून ओरडला. "टेप संपतेय! जरा थांबा, बदलू दे!"

"संपू दे," डेल्फिया म्हणाली.

व्हर्नाच्या मुठीतून रक्ताची धार तारेवरून खाली येत होती. डेल्फियाने पाण्याचा पेला उचलला, पुन्हा खाली ठेवला, आणि त्याच चालीत, अडखळत, शब्द शोधत म्हटलं:

तीन खिळ्यांची तीच सुरी मी पेटीत जपून ठेवली,
आर्व्हिल माझा अठरा वर्षांचा, मीच ती हाती दिली.
केर्मिट नोबल खरं ते गाई, गळा त्याचा चिरला,
व्हर्ना, तुझा लेक मारायला माझाच हात फिरला.

व्हर्नाने तार सोडली नाही.

"आता पहिल्यापासून म्हण," ती म्हणाली. "सहाही."